बिने–कामत ते संगणक : अनुकूली चाचणीचा इतिहास आणि बेळगाव–निपाणी सीमाभागातील बहुभाषिक विद्यार्थी

प्रस्तावना

परीक्षा हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा कणा मानला जातो. तथापि परीक्षेच्या इतिहासाकडे अध्यापकवर्गाचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. गेल्या काही दशकांत ‘संगणकीय अनुकूली चाचणी’ ही संज्ञा शैक्षणिक चर्चेत वारंवार येऊ लागली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नव्या तंत्रज्ञानाच्या यादीत तिचा उल्लेख आहे. ही पद्धत पूर्णपणे नवी, परदेशी आणि संगणकातूनच जन्मलेली आहे, असा समज सर्वत्र दिसतो. तो अर्धवट आहे. या पद्धतीचे मूळ तत्त्व संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. एवढेच नव्हे, तर त्या तत्त्वावर आधारलेली भारतातील एक महत्त्वाची चाचणी जुन्या मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात, कन्नड व मराठी या दोन भाषांत तयार झाली. बेळगाव–निपाणी परिसरातील अध्यापकांना हा इतिहास जवळचा वाटावा असाच आहे. प्रस्तुत लेखात हा प्रवास मांडून सीमाभागातील बहुभाषिक विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

एकच प्रश्नपत्रिका : एक वारसा

इंग्रजी राजवटीपूर्वी गावच्या शाळेत पंतोजी आणि मकतबमध्ये उस्ताद प्रत्येक मुलाचा धडा वेगवेगळा ऐकत. एकाचा धडा पक्का झाला की त्याला पुढचा मिळे. शेजारी बसलेल्या मुलाचा मागचाच धडा चालू असे. या पद्धतीत अनेक उणिवा होत्या, पण सर्वांना एकाच दिवशी एकच प्रश्न विचारायचा ही कल्पना तीत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. पुढे न्यायमूर्ती म्हणून ख्यातनाम झालेले महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतील एक यशस्वी विद्यार्थी. त्याच दशकाच्या पुढे मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. निरीक्षक साहेब येत, मुलांची परीक्षा घेत आणि उत्तीर्णांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरे. बेळगाव हे दक्षिण विभागाच्या कमिशनरचे ठाणे असल्याने ही सरकारी यंत्रणा या भागात चांगलीच रुजली. पुढे व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा आली. ‘फायनल पास’ हे शब्द खेड्यापाड्यांत मानाचे ठरले, कारण प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीचे दार त्यानेच उघडे.

या सर्व परीक्षांचे सूत्र एकच होते : सर्वांना तीच प्रश्नपत्रिका, तोच वेळ, तेच गुण. या सूत्रात समानता आहे आणि तिचे मोलही आहे. वशिल्याला आळा बसला, दूरच्या खेड्यातील मुलालाही आपली योग्यता दाखविता आली. मात्र त्याची एक किंमत मोजावी लागते. हुशार मुलाचा निम्मा वेळ त्याला सहज येणाऱ्या प्रश्नांत जातो, तर मागे पडलेल्या मुलाचा वेळ त्याला अजिबात न येणाऱ्या प्रश्नांपुढे बसून राहण्यात जातो. 100 पैकी 12 गुण मिळालेल्या मुलाला काय येत नाही हे कळते, पण त्याला नेमके काय येते याचा पत्ता लागत नाही.

बिने यांची पायरी

या अडचणीवर पहिला शास्त्रीय उपाय फ्रान्समध्ये सापडला. पॅरिसच्या शाळांतील ज्या मुलांना विशेष मदतीची गरज आहे ती कशी ओळखावीत, या प्रश्नावर आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी काम केले. 1905 मध्ये त्यांनी सोप्याकडून कठीणाकडे जाणारे 30 प्रश्न तयार केले. 1908 च्या आवृत्तीत हे प्रश्न वयानुसार लावले गेले. 1911 मध्ये आणखी एक सुधारणा झाली आणि त्याच वर्षी बिने यांचे निधन झाले.

वयानुसार मांडणी केल्यामुळे परीक्षकाच्या हाती एक नवी सोय आली. त्याने पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत जाण्याची गरज उरली नाही. मुलाच्या कुवतीचा अंदाज घेऊन मधूनच सुरुवात करायची. ज्या वयाचे सर्व प्रश्न सुटतात ते त्याचे पायाभूत वय. तेथून वर चढत जायचे आणि ज्या पायरीवर एकही प्रश्न सुटत नाही तेथे थांबायचे. कोठे सुरू करावे, पुढचा प्रश्न कोणता आणि केव्हा थांबावे, हे तिन्ही निर्णय मुलाच्या उत्तरांवर ठरतात. अनुकूली चाचणीची व्याख्या आजही हीच आहे. म्हणूनच संगणकीय चाचणीचे एक प्रमुख अभ्यासक डेव्हिड वाइस यांच्यासारख्यांनी बिने यांच्या चाचणीला पहिली अनुकूली चाचणी मानले आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मन यांनी 1916 मध्ये या चाचणीची सुधारित आवृत्ती काढली. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून 100 ने गुणण्याची, म्हणजे बुद्ध्यंकाची पद्धत तिच्यामुळे सर्वत्र पोहोचली.

मुंबई–कर्नाटकातील प्रयोग

भारतात या चाचणीचे रूपांतर करण्याचा आरंभीचा ठळक प्रयत्न लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजमधील सी. एच. राइस यांनी केला. उर्दू व पंजाबी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी तयार केलेले ‘हिंदुस्तानी’ परिमाण 1929 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. म्हणजे आधुनिक बुद्धिमापनाच्या भारतीय इतिहासात उर्दूचे स्थान अगदी आरंभापासून आहे. ही गोष्ट उर्दू माध्यमाच्या अध्यापकांनाही फारशी ठाऊक नसते.

दक्षिणेत हे कार्य व्ही. व्ही. कामत यांनी हाती घेतले. स्टॅनफर्ड आवृत्तीच्या आधारे त्यांनी धारवाड परिसरातील मुलांवर काम केले. कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी केलेल्या या सुधारणेचा अहवाल 1934 मध्ये ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 1940 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ प्रकाशित केला. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कन्नड हे चार जिल्हे तेव्हा ‘मुंबई–कर्नाटक’ म्हणून ओळखले जात. त्यावरून या चाचणीला ‘मुंबई–कर्नाटक सुधारित आवृत्ती’ हे नाव पडले. पुढे ती ‘बिने–कामत चाचणी’ या नावाने देशभर गेली.

कामतांच्या कार्याचे महत्त्व केवळ भाषांतरापुरते नाही. टर्मन यांच्या चाचणीत अमेरिकन नाणी ओळखणे, टपाल तिकिटांची किंमत जोडणे, दोरीची विशिष्ट गाठ मारणे असे प्रश्न होते. असे प्रश्न धारवाडच्या मुलापुढे जसेच्या तसे ठेवता येत नाहीत. काही बदलावे लागतात, काही गाळावे लागतात. शिवाय अमेरिकेत सात वर्षांच्या मुलाला येणारा प्रश्न येथे कोणत्या वयाला येतो, हे प्रत्यक्ष मुलांवर पडताळून त्याची पायरी नव्याने ठरवावी लागते. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. शिवाय हे काम एकाच प्रदेशात शेजारी नांदणाऱ्या दोन भाषांसाठी करण्यात आले. भाषावार प्रांतरचनेच्या कितीतरी आधी, जेव्हा बेळगावच्या शाळांत कन्नड आणि मराठी वर्ग एकाच आवारात भरत, तेव्हा ही दृष्टी ठेवली गेली हे विशेष.

चाचणीची रचना

बिने–कामत चाचणीत 3 ते 10 या प्रत्येक वर्षाची एक पायरी आहे. त्यानंतर 12, 14, 16, 19 व 22 या वयांच्या पायऱ्या येतात. अशा एकूण 13 पायऱ्या. प्रत्येक पायरीवर मुख्य प्रश्न सहा. दहा वर्षांपर्यंतच्या पायरीवर एक प्रश्न सुटला तर दोन महिन्यांचे श्रेय मिळते. 12, 14 व 16 च्या पायरीवर चार महिन्यांचे, तर त्यापुढे सहा महिन्यांचे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, दहा वर्षांच्या म्हणजे 120 महिन्यांच्या एका मुलाला सहाव्या वर्षाचे सर्व प्रश्न आले. पायाभूत वय झाले 72 महिने. सातव्या पायरीवर पाच प्रश्न सुटले, त्याचे 10 महिने. आठव्या पायरीवर तीन सुटले, त्याचे 6 महिने. नवव्या पायरीवर एकही सुटला नाही, म्हणून चाचणी थांबली. मानसिक वय झाले 88 महिने आणि बुद्ध्यंक सुमारे 73. येथे मुलाला 78 पैकी केवळ 24 प्रश्न विचारावे लागले. उरलेले 54 प्रश्न त्याच्यासाठी एकतर फार सोपे किंवा फार कठीण होते. कमी प्रश्नांत अधिक माहिती मिळविणे हा अनुकूली चाचणीचा लाभ तो हाच.

संगणकाचा प्रवेश

बिने यांच्या पद्धतीला एक मोठी मर्यादा होती. एका मुलासाठी एक प्रशिक्षित परीक्षक लागे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने लक्षावधी सैनिकांची चाचणी एकदम घ्यायची ठरविली, तेव्हा अनुकूलता बाजूला पडली आणि सर्वांना एकच छापील प्रश्नपत्रिका देण्यात आली. पुढील अर्धे शतक सामूहिक चाचणीचेच राज्य राहिले.

अनुकूलता परत आणायची तर दोन गोष्टी हव्या होत्या : वेगवेगळे प्रश्न सोडविणाऱ्यांची एकाच मापाने तुलना करणारे गणित आणि ते क्षणात करणारे यंत्र. गणित दिले ते प्रश्न प्रतिसाद सिद्धांताने. डेन्मार्कचे गेओर्ग राश यांचा ग्रंथ 1960 मध्ये आला. अमेरिकेतील फ्रेडरिक लॉर्ड आणि मेल्विन नोव्हिक यांचा ग्रंथ 1968 मध्ये आला. या सिद्धांतात प्रश्नाचे काठिण्य आणि विद्यार्थ्याची क्षमता ही दोन्ही एकाच पट्टीवर मोजली जातात. 1970 च्या सुमारास लॉर्ड यांनी ‘अंगाला बेतून शिवलेल्या’ चाचणीची कल्पना मांडली. मिनेसोटा विद्यापीठात वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संगणकावर आणली.

संगणकीय अनुकूली चाचणीचे काम असे चालते. प्रथम मोठी प्रश्नपेढी तयार करतात आणि प्रत्येक प्रश्नाचे काठिण्यमूल्य आधीच्या विद्यार्थ्यांवर तपासून ठरवितात. परीक्षार्थ्याला मध्यम प्रश्न दिला जातो. उत्तर बरोबर आले तर क्षमतेचा अंदाज वर सरकतो, चुकले तर खाली. त्या अंदाजाला सर्वांत जवळचा प्रश्न पुढे येतो. अंदाजातील संभाव्य चूक ठरावीक मर्यादेच्या आत आली की चाचणी थांबते.

1990 च्या दशकात ही पद्धत व्यवहारात उतरली. अमेरिकेतील परिचारिकांची परवाना परीक्षा 1994 मध्ये अनुकूली झाली. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय परिचारिकांनाही ती द्यावी लागते. 2023 पासून तीत किमान 85 व कमाल 150 प्रश्न असतात, म्हणजे शेजारी बसलेल्या दोघींची परीक्षा वेगवेगळ्या प्रश्नावर संपू शकते. जीआरई परीक्षेची अनुकूली आवृत्ती 1993 मध्ये आणि जीमॅटची 1997 मध्ये आली. या पद्धतीचे दोषही लवकरच दिसले. प्रश्नपेढी लहान असेल तर तेच प्रश्न पुनःपुन्हा येतात आणि पाठ होऊन बाहेर पडतात. 1994 मध्ये एका खासगी शिकवणी संस्थेने हे दाखवून दिल्यावर जीआरईची संगणकीय परीक्षा काही काळ थांबवावी लागली. 2011 पासून त्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाऐवजी संपूर्ण विभागच अनुकूल करण्यात आला.

भारतातील चित्र

भारतात संगणकावर परीक्षा आल्या, पण अनुकूलता फारशी आली नाही. भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ 2009 मध्ये संगणकावर गेली. तिचे लघुनाव आणि संगणकीय अनुकूली चाचणीचे इंग्रजी लघुनाव एकच असल्याने गोंधळ होतो, परंतु ती परीक्षा अनुकूली नाही. 2017 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय परीक्षा संस्था अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षा अनेक सत्रांत घेते, तथापि एका सत्रातील सर्वांना तेच प्रश्न असतात. याची कारणे उघड आहेत. लक्षावधी परीक्षार्थींसाठी प्रचंड प्रश्नपेढी लागेल आणि प्रश्न गुप्त ठेवावे लागतील. आपल्याकडे तर परीक्षेनंतर प्रश्न व उत्तरसूची जाहीर व्हावी ही अपेक्षा आहे, आणि ती न्याय्यही आहे.

मात्र संगणकाविना अनुकूली चाचणी भारतातील खेड्यापाड्यांत वारंवार घडली आहे, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. 2005 मध्ये ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक मुलापुढे आधी पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद ठेवतो. तो वाचता आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही आला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरे. एका कागदावर, काही मिनिटांत, मराठी, कन्नड वा उर्दूत. बिने यांची पायरी येथे घराच्या ओट्यावर आली आहे.

सीमाभागाचा प्रश्न

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. राज्याचे नाव 1973 मध्ये कर्नाटक झाले आणि शहराचे नाव 2014 मध्ये अधिकृतपणे बेळगावी. परीक्षा मंडळे बदलली, पाठ्यपुस्तके बदलली, घरातील भाषा मात्र त्याच राहिल्या. निपाणीच्या एखाद्या मोहल्ल्यातील मूल घरी दखनी बोलते, बाजारात मराठी, शाळेत उर्दू किंवा मराठी शिकते, सरकारी कचेरीत कन्नड ऐकते आणि महाविद्यालयात इंग्रजीला सामोरे जाते. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात आहे. तेथे जाणारा निपाणीचा विद्यार्थी रोज राज्याची सीमा ओलांडतो आणि शिवाजी विद्यापीठाची परीक्षा देतो.

अशा मुलाची क्षमता कोणत्या भाषेत मोजायची? अनुकूली चाचणीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. चुकीच्या उत्तराचे कारण यंत्राला कळत नाही. प्रश्न समजला नाही की उत्तर आले नाही, हा भेद त्याच्या हिशेबात नाही. ते फक्त एक पायरी खाली उतरते.

संख्यावाचनाचे साधे उदाहरण पुरेसे आहे. 59 ही संख्या कन्नडमध्ये ‘ऐवत्तोंबत्तु’, म्हणजे पन्नास आणि नऊ. मराठीत ती ‘एकोणसाठ’ आणि उर्दूत ‘उनसठ’, म्हणजे साठाला एक कमी. कानाने ऐकून हीच संख्या लिहिण्याचा प्रश्न तिन्ही भाषांत सारखाच कठीण असेल असे मानता येत नाही. 2019 मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ असे वाचन सुचविले गेले आणि मोठा वाद झाला. त्या वादाच्या मुळाशीही हीच अडचण होती. म्हणून कन्नड मुलांवर ठरविलेले काठिण्यमूल्य भाषांतरित प्रश्नाला तसेच चिकटविता येत नाही.

या चुकीची किंमत किती असू शकते, हे वर दिलेल्या उदाहरणावरून पाहता येईल. त्या दहा वर्षांच्या मुलाला केवळ भाषा न कळल्याने तीन प्रश्न सोडविता आले नाहीत असे समजू. सहा महिन्यांचे श्रेय गेले, मानसिक वय 82 महिने झाले आणि बुद्ध्यंक 73 वरून 68 वर आला. बौद्धिक अक्षमता ठरविताना 70 ही सीमा सर्वसाधारणपणे मानली जाते. निर्णय केवळ बुद्ध्यंकावर घेऊ नये, दैनंदिन वर्तनाचाही विचार करावा, असे शास्त्र सांगते. तरीही कागदावर उतरलेला आकडा पुसणे सोपे नसते. तीन प्रश्न आणि एक परकी भाषा, एवढ्याने मुलाच्या नावापुढे आयुष्यभराचा शिक्का बसू शकतो.

बिने–कामत चाचणी देशभरातील बालमार्गदर्शन केंद्रांत व मानसोपचार विभागांत कित्येक दशके वापरली गेली. तिची मूळ मानके 1930 च्या दशकातील आहेत, ही टीका मानसशास्त्रज्ञांनीच केली आहे. दुसरी बाब तितकीच महत्त्वाची. ही चाचणी कन्नड व मराठी मुलांसाठी बेतली गेली. याच भूमीवर वाढणारे दखनी–उर्दू बोलणारे मूल त्या मोजपट्टीच्या रचनेत नव्हते. राइस यांचे उर्दू परिमाण लाहोरचे, आणि लाहोरची उर्दू ही निपाणीची दखनी नव्हे. परीक्षक दयाळू असेल तर तो तोंडी खुलासा करतो, मुलाचा चेहरा पाहून प्रश्न पुन्हा विचारतो. यंत्राच्या पडद्याला ही सवड नाही.

याचा अर्थ तंत्रज्ञान त्याज्य आहे असा नाही. दिल्लीत विद्यार्थ्याच्या पातळीनुसार पाठ देणाऱ्या ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा शास्त्रीय प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत मुलांची लक्षणीय प्रगती दिसली. तेथे शिकण्याची भाषा आणि मोजण्याची भाषा एक होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, अनुकूली चाचणी ही यंत्राची देणगी नसून शिक्षकाच्या जुन्या कौशल्याला दिलेले गणिती रूप आहे. दुसरी, मुंबई–कर्नाटकाने या क्षेत्रात 1930 च्या दशकातच द्वैभाषिक कार्याचा पाया घातला होता. तिसरी, प्रश्नाचे काठिण्य भाषेबरोबर बदलते. त्यामुळे मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही गटांवर स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय कोणतीही प्रश्नपेढी सीमाभागात न्याय्य ठरणार नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या आवाक्यातील काम यातून सूचित होते. एखाद्या विषयाचे पन्नास प्रश्न तिन्ही भाषांत तयार करून, सारख्या तयारीच्या विद्यार्थ्यांना देऊन, कोणता प्रश्न कोणत्या भाषेत अकारण कठीण पडतो याची नोंद ठेवणे शक्य आहे. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. वहीत तीन रकाने आखून सुरुवात करता येते. कामतांनी धारवाडात मुलांपुढे बसून प्रत्येक प्रश्नाची पायरी पडताळली, तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता. त्यांच्या मोजपट्टीत ज्या मुलांची भाषा राहून गेली, त्यांची नोंद करण्याचे काम त्याच परिसरातील अध्यापकांची वाट पाहत आहे.